दोन पारडी, आठ पाय

मोंढ्यात ‘काटा मारणे’ हा शब्द रोज कानावर पडतो. बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तेव्हा काट्याशेजारी बसलेला माणूस असतो. काट्याच्या डब्यातली आयसी कोणाच्या मनात येत नाही, आणि येण्याचं कारणही नाही. या पुस्तिकेचा विषय मात्र तीच आयसी आहे, म्हणून प्रस्तावनेची सुरुवात तिच्याच एका गुन्ह्यापासून करतो.

बरीच वर्षं झाली. सोयाबीनचा हंगाम होता. लातूर जिल्ह्यातल्या एका आडतीवरून मला बोलावणं आलं. तिथला शंभर किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा कुणा हौशी दुरुस्तीवाल्याने जुळवलेला होता. लोड सेल चांगला, पण त्यामागचा ॲम्प्लिफायर सगळा घरगुती. तक्रार चमत्कारिक होती. एक वयस्कर मामा म्हणाले, ‘‘सकाळच्याला बराबर भरतंय बघा. दुपारच्याला त्याच कट्ट्यात अर्धा-पाऊण किलो कमी. मधल्या वेळेला आम्ही काय सोयाबीन खाल्ली का?’’ आडत्यांचा चेहरा रडवेला झाला होता. त्यांनी काट्याला हातही लावला नव्हता, हे मला डबा उघडल्यावर कळलं. मामांना ते पटवेपर्यंत संध्याकाळ झाली.

डब्यात एलएम३२४ होती. चौदा पायांची, एका पोटात चार ऑप-ॲम्प असलेली, दहा-वीस रुपयांची आयसी. वाईट नव्हे. व्होल्टेज स्टॅबिलायझरपासून बॅटरी चार्जरपर्यंत तिने अर्धा भारत चालवला आहे. पण इथे तिच्यापुढे काम कुठलं होतं ते पाहा. लोड सेलवर छापलं होतं: २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट. त्याला १० व्होल्ट दिले की पुऱ्या शंभर किलोला २० मिलिव्होल्ट मिळतात. म्हणजे किलोला २०० मायक्रोव्होल्ट, दहा ग्रॅमला २. एलएम३२४ चा ऑफसेट, म्हणजे दोन्ही इनपुट अगदी सारखे असतानाही तिला उगाच वाटणारा फरक, ७ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो. किलोच्या भाषेत पस्तीस किलो! पण तो कोणाला दिसत नाही, कारण सकाळी काटा शून्यावर आणताना पुसला जातो. पुसलं जात नाही ते उन्हाबरोबर सरकणं. अंशामागे सुमारे ७ मायक्रोव्होल्ट. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळ-दुपारचा फरक वीस अंश धरा. १४० मायक्रोव्होल्ट झाले, म्हणजे सातशे ग्रॅम. मामांचं अर्धा-पाऊण किलो ते हेच. त्या डब्यात उणे आकडा दाखवायची सोयही नव्हती. रिकामा काटा शून्याच्या खाली घसरला तरी समोर शून्यच दिसायचं, त्यामुळे दुपारी पुन्हा शून्य करावं असं कोणाच्या डोक्यात यायचंच नाही.

त्याच जागी आठ पायांची आयएनए१२८ बसवली तर हा सरकाव अंशामागे जास्तीत जास्त ०.६ मायक्रोव्होल्टच्या आसपास येतो. वीस अंशांना बारा मायक्रोव्होल्ट, साठ ग्रॅम. मी तसंच केलं. (असला घरगुती काटा खरेदी-विक्रीला मुळात चालतच नाही. मान्य नमुन्याचा, वैधमापनचा दरवर्षी शिक्का मारलेला काटा लागतो. आडत्यांनी तो पुढच्याच महिन्यात आणला, आणि माझी आयसी त्यांच्या माळ्यावर गेली.)

या सगळ्या पुस्तिकेत एकच प्रश्न आहे: थ्रू-होल, म्हणजे बोर्डाच्या भोकांत पाय घालून मागून डाग देता येईल अशी, डिफरन्शियल ॲम्प्लिफायरची आयसी निवडायची तर कशी निवडायची? त्याचं उत्तर नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांसाठी आणि दुरुस्तीवाल्यांसाठी मुद्दाम वेगळं लिहावं लागतं, याची कारणं पुढे ओघात येतील. पण एक आत्ताच सांगतो. बहुतेक मुलं दुकानात जाऊन विचारतात, ‘‘सगळ्यात भारी कोणती?’’ हा प्रश्नच चुकीचा आहे. आधी आपल्या दोन तारांना विचारायचं असतं: तुमच्यात सारखं किती आणि वेगळं किती?

जुना तराजू आठवा. दांडीच्या दोन टोकांना दोन पारडी, मध्ये काटा. तराजू छतापासून टांगा नाहीतर हातात खाली धरा, काट्याला त्याचं काही नाही. दोन्ही पारड्यांवर सारखा पाऊस पडला तरी काटा जागचा हलत नाही. एका पारड्यात चिमूटभर जिरं जास्त पडलं की तो लगेच झुकतो. डिफरन्शियल ॲम्प्लिफायर हा दोन तारांचा तराजू. दोन्ही तारांवर सारखं असेल ते त्याने सोडून द्यायचं, वेगळं असेल तेवढंच वाढवून पुढे पाठवायचं. आमच्या लोड सेलमध्ये चार स्ट्रेन गेजांचा ब्रिज असतो. १० व्होल्ट दिल्यावर त्याच्या दोन्ही बाहेरच्या तारा ५ व्होल्टच्या आसपास तरंगतात आणि एकमेकींपासून फार तर २० मिलिव्होल्टने वेगळ्या होतात. या पाच व्होल्टला कॉमन-मोड म्हणतात. पाच व्होल्टच्या ढिगाऱ्यातून दोन मायक्रोव्होल्ट निवडायचे म्हणजे पंचवीस लाखांत एक. डाळ मिलच्या चाळणीला असं काम सांगितलं तर ती संपावर जाईल.

या ब्रिजची कल्पना सॅम्युअल ख्रिस्टीने १८३३ मध्ये मांडली, व्हीटस्टनने दहा वर्षांनी ती लोकांपुढे आणली, आणि नाव त्याचंच राहिलं. तारेचा स्ट्रेन गेज १९३८ चा. सिमन्स आणि रूज या दोघांनी अमेरिकेच्या दोन टोकांना बसून तो स्वतंत्रपणे काढला. ब्लमलाइनने दोन व्हॉल्व्हची जोडी १९३६ च्या पेटंटात मांडली, आणि आजच्या जवळजवळ प्रत्येक ऑप-ॲम्पच्या दारात तीच जोडी ट्रान्झिस्टरच्या रूपात उभी असते. इतिहास इतकाच पुरे.

आता हा तराजू घरी बनवता येतो. एक ऑप-ॲम्प घ्या, भोवती चार रेझिस्टर लावा. पाठ्यपुस्तकात असंच दाखवलेलं असतं आणि परीक्षेतही तेच येतं. लातूर पॅटर्नच्या मुलांना त्याचं सूत्र झोपेतही सांगता येईल. पण त्या चार रेझिस्टरांच्या जोड्या तंतोतंत जुळल्या तरच दांडी मधोमध टांगलेली राहते. बाजारात मिळतात एक टक्क्याचे. २५० पट वाढवायचं असेल आणि चारही रेझिस्टर वाईटात वाईट दिशेला चुकले असतील, तर सारखेपणाचा सुमारे सहा हजारांत एक भाग तरी उरतोच. पाच व्होल्टचे सहा हजार भाग केले की एक भाग आठशे मायक्रोव्होल्टचा. म्हणजे चार किलो. ही चूक निदान स्थिर असते, ती शून्य करताना जाते. पण दोन्ही तारांवर मेनचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट एका व्होल्टाने बसला तर तो शून्याच्या बटणाने जात नाही. १६० मायक्रोव्होल्ट, पाऊणेक किलो, सेकंदाला पन्नास वेळा खालीवर. आकडे थरथरतात ते यामुळे. शिवाय हे चार रेझिस्टर ब्रिजला ओढतात, त्याचंही वजन पडतं ते वेगळं.

म्हणून इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर नावाची आयसी घ्यायची. तिच्या पोटात सहसा तीन ऑप-ॲम्प असतात, आणि रेझिस्टर कारखान्यातच लेझरने कातून जुळवलेले. किती पट वाढवायचं ते बाहेरच्या एकाच रेझिस्टरने ठरतं. आयएनए१२८ ला पाय १ आणि ८ यांच्यामध्ये २०० ओहम लावले की ५०,००० भागिले २०० अधिक १, म्हणजे २५१ पट. वीस मिलिव्होल्टचे पाच व्होल्ट. या पातळीला ती सारखेपणा किमान १२० डेसिबलने, म्हणजे दहा लाखांत एकच भाग उरेल इतका, नाकारते. एका व्होल्टचा गुणगुणाट मग एक मायक्रोव्होल्ट उरतो, पाच ग्रॅम. चार रेझिस्टरांचे पाऊण किलो आणि या आयसीचे पाच ग्रॅम, फरक एवढा.

आयएनए१२८ बर-ब्राउनची. ही कंपनी १९५६ मध्ये ॲरिझोनातल्या टूसानला सुरू झाली आणि २००० मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली. जुन्या डेटाशीटवर दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका. ॲनालॉग डिव्हायसेसची एडी६२० ही तिची मावसबहीण. पाय तेच: १ आणि ८ गेनचे, २ आणि ३ इनपुट, ४ आणि ७ पुरवठा, ६ आउटपुट, ५ रेफरन्स. सूत्रात मात्र ५०,००० च्या जागी ४९,४०० येतात. त्याच २०० ओहमला एडी६२० देते २४८ पट. एक काढून दुसरी घातली तर सर्किट चालतं, पण काटा एका टक्क्याहून जास्त चुकतो, आणि दुरुस्तीवाला दिवसभर लोड सेलला दोष देत बसतो. हे मी पाहिलेलं आहे. दोष देणारा दुरुस्तीवाला कोण होता ते सांगत नाही.

या दोघींना दोन्ही बाजूंचा पुरवठा आवडतो, अधिक बारा आणि उणे बारा असा. दोन्ही टोकांपासून व्होल्ट-दोन व्होल्टची मोकळी जागा सोडूनच त्या काम करतात. पाच व्होल्टच्या एकेरी पुरवठ्यावर एडी६२० लावली तर आउटपुट साधारण १.२ व्होल्टच्या खाली आणि ३.८ च्या वर जात नाही. मोबाइलच्या चार्जरवर प्रकल्प चालवणारी मुलं नेमकी इथे अडकतात. अशा वेळी एडी६२३ पाहावी. किंवा आयएनए१२२, आयएनए१२६. शेवटची फक्त १७५ मायक्रोॲम्पिअरवर चालते. शेतात बॅटरीवर ठेवायच्या डब्याला ती बरी, पण तिचा स्वतःचा आवाज आयएनए१२८ च्या चौपटीहून जास्त आहे. बॅटरीवर वाचवलेले पैसे नॉइजमध्ये फेडावे लागतात. आणि प्रत्येकीचं सूत्र वेगळं: आयएनए१२६ ला पाचांत ८०,००० भागिले रेझिस्टर मिळवायचे, एडी६२३ ला एकात एक लाख भागिले. लातूर पॅटर्नचा मला आदर आहे, पण डेटाशीट पाठ करायची चीज नव्हे, ती समोर उघडी ठेवायची.

वेगळी जात आयएनए११७ ची. तिचा गेन एकच, आणि दोन्ही तारा जमिनीपासून २०० व्होल्ट वर किंवा खाली तरंगत असल्या तरी ती त्यांच्यातला फरक मोजते. सोलरच्या बॅटऱ्यांच्या माळेत मधल्याच एका बॅटरीचं व्होल्टेज पाहायचं असेल तर ही. लोड सेलला तिचा काही उपयोग नाही. कोणाला हे उघड वाटेल, पण ‘डिफरन्शियल’ एवढाच शब्द वाचून ती विकत घेतलेले दोन प्रकल्प माझ्या टेबलावर येऊन गेले.

आता पायांची गोष्ट. १९६४ मध्ये फेअरचाइल्डमध्ये दोन रांगांची डिप नावाची पेटी तयार झाली. पायांमधलं अंतर इंचाचा दहावा भाग, २.५४ मिलिमीटर. तेच अंतर ब्रेडबोर्डला, तेच व्हेरोबोर्डला, तेच आयसीच्या सॉकेटला. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत (ती १९८१ ची) इन्स्ट्रुमेंटेशन शिकणाऱ्या मुलाला किंवा लातूरच्या पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनातल्या मुलीला पहिलं सर्किट हातानेच उभं करावं लागतं. एसएमडी, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरच डाग द्यायच्या आयसीचे पाय डिपच्या निम्म्या किंवा चौथाई अंतरावर असतात. भिंग, हॉट एअर आणि स्थिर हात लागतो. मोंढ्यातल्या दुरुस्तीवाल्याकडे पंचवीस वॅटची डाग देणारी इस्त्री असते आणि समोर ताटकळलेला हमाल. सॉकेटातून आयसी उपटून दुसरी दाबली की काटा चालू, हे सुख थ्रू-होलचंच.

पण त्या सुखाची किंमत मोजावी लागते, ती लपवू नये. कंपन्या नव्या आयसी डिपमध्ये फारशा काढत नाहीत. आयएनए३३३ घ्या: तापमानाचा सरकाव अंशामागे ०.१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे त्या आडतीवरचे वीस अंश दहा ग्रॅमला मिटले असते. ती डिपमध्ये मिळत नाही. छोट्या ॲडॅप्टर बोर्डावर डाग देऊन तिला आठ लांब पाय लावता येतात, आणि माझं मत विचाराल तर एकदा ते शिकून घ्यावं. पण तिला ५.५ व्होल्टच्या वर पुरवठा चालत नाही. दहा व्होल्ट दिलेल्या ब्रिजच्या तारा पाच व्होल्टवर तरंगतात, त्या तिच्या छतालाच टेकतात. आयसी बदलायची तर ब्रिजचा पुरवठाही बदलावा लागतो. ‘सगळ्यात भारी’ विचारणाऱ्याला दुकानदार हे सांगत नाही.

दुकानदाराचं नाव निघालंच आहे. मराठवाड्यातून असल्या आयसीसाठी माणूस तीन दिशांना जातो: मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, किंवा हैदराबादच्या कोटीतल्या गुजराती गल्लीत. नांदेडकरांना हैदराबाद जवळचं. पुणे-मुंबईच्या लेखकांना हे लक्षात राहत नाही. आता अर्थात कुरिअरनेही येतात. कुठूनही आणा, दोन गोष्टी पाहून घ्या. पहिली, नावाची शेपटी. एडी६२०एएन मधला शेवटचा एन म्हणजे प्लॅस्टिकची डिप; एआर म्हणजे एसएमडी. आयएनए१२८पी डिप, आयएनए१२८यू एसएमडी. आणि पी च्या पुढे ए आला तर तीच डिप पण खालच्या प्रतीची, ऑफसेट अडीचपट. एका अक्षरापायी शंभर आयसी परत पाठवाव्या लागतात, आणि परत घेणारा दुकानदार मी अजून पाहिलेला नाही.

दुसरी गोष्ट खोट्या मालाची. स्वस्त ऑप-ॲम्पवरचं नाव घासून वर महागडं नाव छापलेलं सापडतं. गंमत अशी, की ७४१ सारख्या साध्या ऑप-ॲम्पचे २, ३, ४, ६ आणि ७ हे पाय आयएनए१२८ च्या पायांशी जुळतात. त्यामुळे ती जळत नाही, तापतही नाही. नुसतं आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटतं, आणि मुलाला वाटतं आपलंच सर्किट चुकलं. तपासणी सोपी आहे. दोन्ही इनपुट जमिनीला जोडा, २०० ओहम लावा, आउटपुट मल्टिमीटरने पाहा. खऱ्या आयएनए१२८पी ला ते साधारण १३ मिलिव्होल्टच्या आत असतं, पीए ला ३० च्या आसपासपर्यंत. दहा व्होल्ट दिसले तर आयसी खिशात घालून दुकान गाठावं.

पाय ५ बद्दल सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं, कारण पुस्तकं त्याबद्दल सगळ्यात कमी लिहितात. रेफरन्सचा हा पाय आउटपुटचा शून्य कुठे असावा ते ठरवतो, म्हणून मुलं तिथे सरळ एक प्रीसेट लावतात आणि फिरवून शून्य करतात. शून्य होतो, मुलं खूश. पण आतल्या जुळवलेल्या रेझिस्टरांपैकी एकाच्या शेपटीला आपण बाहेरून रेझिस्टर बांधला, हे लक्षात येत नाही. कारखान्याने लेझरने कातून आणलेला तोल आपण दहा रुपयांच्या प्रीसेटने घालवला. आठ ओहमची भर पडली तरी गेन एक असताना सारखेपणा नाकारण्याची ताकद ८० डेसिबलच्या आसपास येते. किलो-ओहमच्या प्रीसेटची गोष्टच वेगळी. तराजूच्या एका पारड्याच्या साखळीला कोणी दोरा बांधावा तसं हे. प्रीसेट लावायचाच तर मध्ये एक साधा ऑप-ॲम्प बफर म्हणून घाला; तिथे ती एलएम३२४ सुद्धा चालते. तिलाही काम मिळालं पाहिजे.

अशीच दुसरी खोड म्हणजे तरंगत्या तारा. ब्रिज स्वतःच जमिनीशी जोडलेला असतो म्हणून तिथे प्रश्न येत नाही. पण थर्मोकपल किंवा अंगावरचे इलेक्ट्रोड सरळ आयसीला लावले, तर इनपुटचा नॅनोॲम्पिअरांचा प्रवाह परत जायला वाट सापडत नाही; इनपुट हळूहळू वर किंवा खाली सरकत जातो आणि अडकतो. एक मोठा रेझिस्टर जमिनीला दिला की भागतं. नांदेड-लातूरचे विद्यार्थी हौसेने ईसीजीचे प्रकल्प करतात, त्यांच्यासाठी आणखी एक. हृदयाचा संदेश फार तर एखाद-दोन मिलिव्होल्टचा, पण त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यामध्ये तीनशे मिलिव्होल्टपर्यंत स्थिर फरक बसलेला असू शकतो. लोड सेलची सवय लागलेल्याने तिथे २५० पट लावले, तर तीनशेचे पंचाहत्तर व्होल्ट व्हायला हवेत; पुरवठा बारा. आयसी छताला डोकं आपटून गप्प बसते. पहिल्या टप्प्यात पाच-दहा पटच ठेवायचं, स्थिर भाग कपॅसिटरने अडवायचा, मग पुढे वाढवायचं. आणि अंगाला तार लावायची असेल तर सर्किट बॅटरीवरच, हा नियम मी मोडू देत नाही.

किल्लारीच्या भूकंपाचा उल्लेख केल्याशिवाय लातूरमध्ये मोजमापाबद्दल लिहिता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. विसर्जन आटोपून झोपलेली गावं. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर जमिनीचं ऐकणं म्हणजे काय, हे इथल्या लोकांना शिकवावं लागलं नाही. जिओफोन नावाचा सेन्सर म्हणजे लोहचुंबकाजवळ स्प्रिंगवर टांगलेली तारेची गुंडाळी. जमीन हलली की तिच्यात व्होल्टेज येतं. नेहमीच्या जातीचा जिओफोन सेकंदाला एक मायक्रोमीटर एवढ्या वेगाला २८ मायक्रोव्होल्टच्या आसपास देतो. तोही दोन तारांचाच. शेतातून खोलीपर्यंत लांब केबल आणताना विजेच्या खांबाखालून गेलात की दोन्ही तारांवर ५० हर्ट्झ बसतात. एक तार जमिनीला जोडून दुसरीच ऐकत बसलात, तर भूकंपापेक्षा महावितरणच जास्त ऐकू येतं.

जमिनीला जोडणं, म्हणजे अर्थिंग, ही आपल्या भागातली स्वतंत्र कहाणी आहे. परदेशी पुस्तकं गृहीत धरतात की जमीन म्हणजे शून्य. आपल्याकडे वर काळी माती, खाली बेसॉल्ट. एप्रिल-मेमध्ये माती भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक पडतो. मीठ-कोळसा घालून वर पाण्याची बादली ओतायची ही जुनी रीत. आता २०१६ चा उन्हाळा आठवा. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली होती. माणसांना घागरीने पाणी मिळत होतं, अर्थिंगच्या खड्ड्याला कोण बादली ओतणार? अशा दिवसांत डाळ मिलच्या एका टोकाची जमीन आणि दुसऱ्या टोकाची जमीन यांच्यात काही व्होल्टांचा फरक पडलेला मी मीटरवर पाहिला आहे. मोटर सुरू झाली की तो नाचतो. तो सगळा फरक आपल्या दोन तारांवर सारखाच बसतो, म्हणजे तो कॉमन-मोड. डेटाशीटमधले १२० डेसिबल मराठवाड्यात मे महिन्यात किती कामाचे, हे तिथे कळतं. कागदावर दोन आयसी सारख्या दिसत असतील तर आमच्याकडे या आकड्यावरून निवडायची, वेगावरून नाही. काट्यावर ठेवलेला कट्टा काही मेगाहर्ट्झने हलत नाही.

आता एक कबुली. आज बाजारात मिळणाऱ्या स्वस्त काट्यांत यातली एकही आयसी नसते. एचएक्स७११ नावाची सोळा पायांची चिप असते. ॲम्प्लिफायर आणि २४ बिटांचा कन्व्हर्टर एकाच पोटात, १२८ पट गेन, सेकंदाला दहा किंवा ऐंशी वाचनं. तिचा तयार बोर्ड शेवटल्या वर्षाच्या मुलांच्या दप्तरात हमखास सापडतो. मग जुन्या डिप आयसी कशाला शिकायच्या, असं तोंडी परीक्षेत एका मुलीने मलाच उलट विचारलं होतं. मी तिला विचारलं, ‘‘वाचन दुपारी सरकतंय, बेटा, तर या बोर्डावर कुठे हात घालशील?’’ ती थोडा वेळ बोर्डाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘सर, बोर्ड बदलीन.’’ उत्तर खोटं नव्हतं. तिला मी पूर्ण गुण दिले, आणि मग ही पुस्तिका लिहायला घेतली.

पुस्तिकेचा क्रम थोडा वाकडा आहे. सूत्रं मागे, आणि चुका पुढे. पहिलं प्रकरण उघडण्याआधी टेबलावर एवढं असू द्या: एक आयएनए१२८पी किंवा एडी६२०एएन, ब्रेडबोर्ड, अधिक-उणे बाराचा पुरवठा, दहा किलो-ओहमचा एक रेझिस्टर, एक मेगा-ओहमचे दोन, आणि प्रयोगशाळेतला सीआरओ. सीआरओची जमीन सर्किटच्या जमिनीला जोडा. दहा किलो पाय १ आणि ८ मध्ये लावा, म्हणजे गेन साधारण सहा. दोन्ही इनपुटवरून एकेक मेगा-ओहम जमिनीला द्या. पाय ५ सरळ जमिनीला, मध्ये काहीही नको. आता पाय २ जमिनीला धरून पाय ३ ला बोट लावा. पडद्यावर ५० हर्ट्झची मोठी लाट उठेल. तुमचं शरीरच अँटेना झालेलं असतं. मग पाय २ जमिनीपासून सोडवा, २ आणि ३ एका छोट्या तारेने जोडा, आणि तेच बोट त्या तारेला लावा.